घरच्या घरी मटार: पेरणीपासून तोडणीपर्यंत आणि किडींपासून संरक्षण

मटार हे थंडीचे पीक आहे आणि घरी ते लावणाऱ्यांची बहुतेक निराशा या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होते. मिरची किंवा वांग्यासारखे ते वर्षातून कधीही लावून चालत नाही. पेरणी वेळेवर झाली, तर रोप थंडीत जोमाने वाढते, फुलोरा थंडीतच येतो आणि कीड-रोगांचा जोर वाढण्यापूर्वी बहुतेक शेंगा घरात आलेल्या असतात. तीच पेरणी महिनाभर लांबली, तर शेंगा भरण्याचा काळ फेब्रुवारीच्या उन्हात सापडतो, पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, चढते आणि मग कितीही फवारण्या केल्या तरी दाणा भरत नाही. त्यामुळे किडींपासून संरक्षणाचा विचारही पेरणीच्या तारखेपासूनच सुरू करावा लागतो. हा लेख गच्ची, बाल्कनी किंवा घरामागच्या छोट्या वाफ्यात पहिल्यांदाच मटार लावू पाहणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

पेरणीची वेळ आणि जागा

पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर आणि विदर्भातील बहुतेक भागांत ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा पेरणीचा उत्तम काळ आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीचे कडक ऊन ओसरू द्यावे आणि रात्री गार वाटू लागल्या की बी टोकावे. मुंबई, कोकण आणि गोव्यात थंडी उशिरा येते आणि कमी टिकते, म्हणून तिथे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरून केवळ लवकर येणारी जात निवडावी आणि उत्पन्नाची अपेक्षाही थोडी कमी ठेवावी. दिवसाचे तापमान सलग ३० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की फुले गळतात आणि धरलेल्या शेंगांत दाणे कमी भरतात, हे लक्षात ठेवून मागे हिशेब करावा.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात वाटाणा पावसाळ्यातही घेतात. जून-जुलैत पेरलेल्या पिकाच्या शेंगा ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्याच्या बाजारात येतात. तिथली उंची, थंड ढगाळ हवा, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव यांमुळे ते साधते. गच्चीवरच्या कुंडीत, मुसळधार पावसात, नवख्या माणसाने तो प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुळाशी दोन दिवस पाणी साचले तरी मटाराची मुळे कुजू लागतात.

जागेला दिवसाकाठी किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळायला हवे आणि ते शक्यतो सकाळचे असावे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत दुपारनंतर सिमेंटची भिंत तापते आणि संध्याकाळी बराच वेळ ती उष्णता बाहेर टाकत राहते, त्यामुळे अशा ठिकाणी कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे ठेवाव्यात. गच्चीवर कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवली, तर मुळांना उष्णता लागत नाही, पाण्याचा निचरा नीट होतो आणि खाली गोगलगायी व मुंग्या लपल्या आहेत का, हेही वाकून पाहता येते. हवा खेळती असणे फार महत्त्वाचे आहे, कारण कोंदट कोपऱ्यातल्या मटारावर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि भुरी हमखास येते.

बियाणे कोणते घ्यावे

नवशिक्यांसाठी ‘अर्केल’ ही जात सर्वांत सोयीची आहे. तिचे झाड दीड-दोन फुटांपलीकडे सहसा जात नाही, पेरणीनंतर साधारण ६० दिवसांत पहिली तोडणी मिळते आणि दाणे गोड असतात. ‘बोनव्हिला’ ही मध्यम कालावधीची जात आहे. तिला पहिल्या तोडणीसाठी ८० ते ९० दिवस लागतात आणि आधारही उंच द्यावा लागतो, त्यामुळे जिथे थंडी लांबते तिथेच ती लावावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले प्रिया’ ही जात महाराष्ट्रात लावली जाते. भुरीचा त्रास दरवर्षी होत असेल, तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का अजित’ ही भुरी आणि तांबेरा (पानांवर गंजासारखे डाग पाडणारी बुरशी) या दोन्ही रोगांना प्रतिकारक असलेली जात शोधून लावावी. ती अर्केलपेक्षा उशिरा येते, पण पाने शेवटपर्यंत हिरवी राहण्याचा फायदा मोठा आहे.

बी हातात घेतल्यावर ते सुरकुतलेले आहे की गोल गुळगुळीत, हे पाहावे. सुरकुतलेल्या बियांत साखरेचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्यांचे हिरवे दाणे अधिक गोड लागतात. गोल बी त्या मानाने पिठूळ असते, मात्र थंड, ओलसर मातीत ते कुजण्याची शक्यता कमी असते. शाळेच्या पुस्तकात मेंडेलने वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांत आपण जे ‘गोल’ आणि ‘सुरकुतलेले’ बी वाचतो, तेच हे.

किराणा दुकानातील सुके हिरवे वाटाणे पेरावेत का, असे बरेच जण विचारतात. त्यांतले काही रुजतातही, पण ते किती जुने आहेत, कोणत्या जातीचे आहेत आणि त्यांच्यात भुंगेऱ्याची अंडी आहेत का, हे काहीच कळत नाही, त्यामुळे दोन महिन्यांची मेहनत त्यांच्यावर लावण्यात अर्थ नाही. फ्रोझन मटार तर मुळीच रुजत नाहीत, कारण गोठवण्यापूर्वी ते गरम पाण्यातून काढलेले असतात. कृषी सेवा केंद्रातून बियाणे आणल्यास पाकिटावरची चाचणीची आणि वैधतेची तारीख पाहावी. बियांवर गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग चढवलेला असेल, तर त्यांना बुरशीनाशक लावलेले आहे असे समजावे. असे बी मुलांच्या हाती देऊ नये, उरलेले बी स्वयंपाकघरात ठेवू नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

कुंडी आणि माती

मटाराला फार खोल कुंडी लागत नाही, पण १० ते १२ इंच खोली हवी. १२ इंच व्यासाच्या ग्रो-बॅगमध्ये पाच-सहा रोपे सुखाने वाढतात. अशा एका बॅगेतून हंगामभरात साधारण पाव ते अर्धा किलो शेंगा मिळतात आणि सोलल्यावर त्याच्या निम्म्याहून कमी दाणे हाती येतात, त्यामुळे चार माणसांच्या घरात दोन-तीन वेळा उसळ किंवा पुलाव व्हावा, अशी इच्छा असेल तर किमान आठ-दहा बॅगा लावाव्या लागतील. लांबट आयताकृती कुंड्या मिळाल्या तर त्या अधिक चांगल्या, कारण त्यांत ओळीने पेरून जाळीचा आधार सहज देता येतो.

मातीचे मिश्रण भुसभुशीत असावे. चार भाग बागेची माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग जाडसर वाळू असे मिश्रण करून त्यात प्रत्येक बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. पेंडीमुळे मातीतील हुमणी (मुळे खाणारी पांढरी अळी) आणि सूत्रकृमींना (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींना) आळा बसण्यास मदत होते. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर ते टाळावे, कारण त्यातूनच हुमणी आणि बुरशी मातीत येते. माती भरल्यावर ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) पावडर एक चमचा मूठभर गांडूळखतात कालवून वरच्या थरात मिसळली, तर पुढे येणाऱ्या, झाड सुकवणाऱ्या मर रोगाविरुद्ध हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो. गेल्या वर्षी ज्या मातीत मटार, घेवडा किंवा वाल होता, ती माती यंदा पुन्हा मटारासाठी वापरू नये.

पेरणी

बुरशीनाशक न लावलेले बी रात्री कोमट पाण्यात भिजवून सकाळी उपसावे. आठ-दहा तासांपेक्षा जास्त वेळ पाण्यात राहिलेले बी कुजते. मग थोड्या गुळाच्या पाण्यात रायझोबियम जिवाणू संवर्धक कालवावे, १०० ग्रॅम बियांना लहान चमचाभर पुरते, आणि ते बियांना हलक्या हाताने चोळून सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. बी आधीच रंगीत बुरशीनाशक लावलेले असेल, तर त्याला भिजवू नये आणि रायझोबियमही चोळू नये, कारण बुरशीनाशकाने हे जिवाणू मरू शकतात. अशा वेळी संवर्धक शेणखतात मिसळून मातीत द्यावे.

बी एक इंच खोल टोकावे आणि दोन बियांमध्ये दोन-तीन इंच अंतर ठेवावे. वाफ्यात पेरत असाल, तर दोन ओळींत एक फूट अंतर सोडावे. मटाराच्या रोपांना जागा बदललेली आवडत नाही, म्हणून ट्रेमध्ये रोपे करण्याऐवजी बी जागेवरच पेरावे. पेरण्यापूर्वी माती ओली करून घ्यावी आणि पेरल्यानंतर उगवेपर्यंत अगदी बेताचे पाणी द्यावे. सहा ते दहा दिवसांत कोंब वर येतात.

पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत मोठा धोका कीटकांपासून नसतो, तो पक्षी आणि उंदरांपासून असतो. शहरात कबुतरे नुकतीच उकरलेली माती पाहून बी टिपतात, चिमण्या आणि बुलबुल कोवळे शेंडे खुडतात आणि उंदीर तर रात्रीतून अख्खी ओळ उकरून नेतात. पेरल्याबरोबर कुंडीवर बारीक तारेची जाळी किंवा भाजीचा प्लास्टिकचा क्रेट पालथा ठेवून त्यावर वजन ठेवावे आणि रोपे चार बोटे उंच झाली की मगच काढावे. पुढेही पक्ष्यांचा त्रास होत असेल, तर काठ्यांवरून जुनी मच्छरदाणी टाकावी. मटाराचे फूल उमलण्याच्या सुमारासच स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे मधमाशी आत आली नाही तरी शेंगा धरतात आणि जाळी फुलोऱ्यातही ठेवता येते.

सकाळी उठून पाहावे तो रोप जमिनीलगत कापून पडलेले दिसले, तर ते रोपे कुरतडणाऱ्या अळीचे काम असते. त्या रोपाभोवतीची माती एक-दीड इंच खोल बोटांनी उकरली की राखाडी, अंगाची वेटोळी करून पडलेली अळी सापडते. ती सापडेपर्यंत शोधावे, नाहीतर दुसऱ्या रात्री शेजारचे रोप जाते. पावसाळा लांबलेल्या वर्षी शंखी गोगलगायी येतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी कुंड्यांजवळ पसरून ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ थेट कुंडीत कधीही टाकू नये.

आधार, पाणी आणि खत

रोपे वीतभर होण्याच्या आतच आधार द्यावा. मटाराचे तणावे पानाच्या टोकाशी निघतात आणि ते बारीक असल्यामुळे जाड बांबूला विळखा घालू शकत नाहीत. म्हणून बांबूच्या दोन काठ्या रोवून त्यांच्यामध्ये सुतळीचे आडवे-उभे धागे ओढावेत, किंवा तूर, मेंदी अशा झाडांच्या फांद्या असलेल्या वाळक्या डहाळ्या रोपांमध्ये खोचून ठेवाव्यात. अर्केलसारख्या बुटक्या जातीला आधार नसला तरी चालते, असे पाकिटांवर लिहिलेले असते. पण जमिनीवर लोळणाऱ्या वेलीत हवा खेळत नाही, शेंगा मातीला टेकून कुजतात आणि पानांच्या खालची बाजू तपासता येत नाही. त्यामुळे आधार हा कीड-नियंत्रणाचाच भाग समजावा.

पाणी मातीत बोट घालून पाहिल्यावरच द्यावे: पहिले पेर कोरडे लागले तर द्यावे, ओले लागले तर थांबावे. फुलोरा आणि दाणे भरण्याच्या काळात मात्र माती एकदाही पूर्ण सुकू देऊ नये. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. वाळलेला पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा एक इंच थर वर दिला, तर ओल टिकते.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. युरिया किंवा नत्र जास्त असलेली खते दिली की वेल गर्द हिरवी, लुसलुशीत होते, फुले कमी लागतात आणि त्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा तुटून पडतो. पेरणीच्या वेळी दिलेले शेणखत आणि फुलोऱ्याच्या आधी प्रत्येक बॅगेला दोन मुठी गांडूळखत इतके पुरते. मुळांवरच्या गाठी काम करत आहेत का, हे पाहायचे असेल, तर विरळणीत काढलेल्या एखाद्या रोपाची गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी असेल, तर नत्र बांधले जात आहे.

रोजची पाहणी

किडींवर मात करण्यासाठी बाजारातील कोणत्याही औषधापेक्षा रोजची पाच मिनिटांची पाहणी अधिक उपयोगी पडते, कारण घरच्या दहा-बारा कुंड्यांत कीड सुरुवातीलाच हाताने वेचता येते आणि शेतकऱ्याला ही चैन मिळत नाही. पाहणी करताना वरून नजर फिरवून भागत नाही. शेंड्याची मिटलेली कोवळी पाने बोटांनी हलकेच उघडावीत, खोडाला मिठी मारून बसलेल्या मोठ्या उपपर्णांच्या आत पाहावे, पान उलटावे आणि फुलोरा आल्यावर प्रत्येक शेंग देठापासून टोकापर्यंत निरखावी. पानाच्या वर चिकट चकाकी दिसली किंवा खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर वर कुठेतरी मावा आहे हे नक्की समजावे.

मावा

मावा ही घरच्या मटारावरची सर्वांत नेहमीची कीड आहे. हिरवे किंवा काळे, टाचणीच्या डोक्याएवढे मऊ कीटक शेंड्यांवर, कळ्यांवर आणि कोवळ्या शेंगांवर घोळक्याने बसून रस शोषतात. पाने वाकडी होतात, शेंगा पिळवटतात आणि त्यांनी टाकलेल्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी चढते. माव्यामुळे विषाणूजन्य रोगही एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. बहुतेक माद्या नराशिवायच थेट पिल्ले घालत असल्यामुळे आठवडाभराच्या दुर्लक्षात चार कीटकांचा मोठा घोळका होऊ शकतो.

मटारावरच्या हिरव्या माव्याची एक सवय आपल्या उपयोगी पडते: धक्का बसला की तो पाय सोडून खाली पडतो. पसरट ताटलीत साबणाचे पाणी घेऊन ती शेंड्याखाली धरावी आणि वेलीला बोटाने टिचकी मारावी; निम्म्याहून अधिक मावा पाण्यात पडतो. उरलेल्यासाठी शेंडा तळहातावर आधाराने धरून, म्हणजे तो मोडणार नाही, पाण्याच्या बारीक पण जोरदार धारेने धुवावा. हे सकाळी करावे आणि दोन-तीन दिवस लागोपाठ करावे. सुरुवातीच्या प्रादुर्भावात एवढ्यावरच काम भागते.

पाने काळजीपूर्वक पाहिल्याशिवाय फवारणी करू नये, याला एक महत्त्वाचे कारण आहे. माव्याच्या घोळक्यात काळसर, नारिंगी ठिपक्यांची, अगदी छोट्या मगरीसारखी दिसणारी अळी फिरताना आढळते आणि बरेच जण ती कीड समजून चिरडतात. ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची, म्हणजे ढालकिड्याची अळी असते आणि माव्यावरच तिचे पोट भरते. तसेच काही मावे फुगून, बदामी रंगाचे, कागदासारखे कडक होऊन पानाला चिकटलेले दिसतात; त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू वाढत असते. असे फुगीर मावे दिसले, तर फवारणी थांबवावी आणि आठवडाभर निसर्गाला काम करू द्यावे.

मुंग्यांचा बंदोबस्त मात्र लगेच करावा, कारण गोड द्रवासाठी त्या माव्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. स्टँडचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवावेत किंवा पायांना व्हॅसलिनचा जाड पट्टा लावावा.

तरीही मावा वाढला, तर एक लिटर कोमट पाण्यात आधी १ मिलि सौम्य द्रव साबण आणि मग ५ मिलि कडुनिंबाचे तेल घालून दूधट होईपर्यंत घुसळावे आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. द्रावण त्याच दिवशी संपवावे. पहिल्यांदा दोन-तीन पानांवरच फवारून एक दिवस थांबावे, म्हणजे पाने करपतात का ते कळते. तेलाऐवजी ५ टक्के निंबोळी अर्क वापरता येतो: ५० ग्रॅम निंबोळ्यांच्या गराची भरड रात्रभर पाण्यात भिजत घालून, सकाळी फडक्याने पिळून, पाणी घालून एकूण एक लिटर करावे. दोन फवारण्यांत आठवड्याचे अंतर ठेवावे. पंख फुटलेला मावा आल्याची वर्दी मिळण्यासाठी पिवळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीवर लावावेत. पिवळ्या पुठ्ठ्यावर एरंडेल चोपडले तरी घरी सापळा होतो. सापळ्यांवर मित्रकीटकही चिकटतात, म्हणून चार-पाच कुंड्यांमागे एकच सापळा पुरे.

शेंगा पोखरणाऱ्या अळ्या

फुलोरा सुरू झाल्यावर लक्ष माव्यावरून शेंगांकडे वळवावे. हरभऱ्यावरची घाटेअळी मटारावरही येते. तिचा पतंग रात्री कळ्यांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर एकेक पांढुरकी, खसखशीहून लहान अंडी घालतो. अळी हिरवी, तपकिरी किंवा पिवळसर असते, अंगावर लांब रेघा असतात आणि ती डोके शेंगेत खुपसून, मागचे अंग बाहेर ठेवून दाणे खाते. गोल, स्वच्छ कडांचे भोक आणि जवळ दाणेदार ओली विष्ठा दिसली की ती ओळखावी. एक अळी अनेक शेंगा नासवते, म्हणून ती सापडेपर्यंत शोध सोडू नये. संध्याकाळी आणि पहाटे ती बाहेर हमखास दिसते.

दुसऱ्या प्रकारची अळी लहानपणीच शेंगेत शिरते आणि तिचे प्रवेशाचे भोक बुजून जाते, त्यामुळे शेंग बाहेरून चांगली दिसते आणि सोलताना आत कुरतडलेले दाणे व गुलाबीसर अळी निघते. अशी एखादी शेंग सापडली, तर त्या वेलीवरच्या ज्या शेंगांवर मऊ, तपकिरी डाग आहेत त्या सर्व तोडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवाव्यात. कंपोस्टमध्ये टाकू नयेत.

अळ्या एक सेंटिमीटरपेक्षा लहान असताना ‘बीटी’, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारल्यास चांगला परिणाम मिळतो, कारण हा जिवाणू अळीच्या पोटात जावा लागतो आणि कडक उन्हात त्याची ताकद लवकर कमी होते. मोठ्या अळीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही; ती हातानेच काढावी. आफ्रिकन झेंडूची दोन-तीन रोपे सप्टेंबरातच लावून ठेवली, तर मटार फुलेपर्यंत झेंडूही फुलतो आणि घाटेअळीचे पतंग त्याच्या कळ्यांवर अंडी घालतात. मग झेंडूच्या कळ्या तपासून अळ्या वेचणे सोपे जाते. कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंगांना ओढून घेणारे) शेतासाठी उपयुक्त आहेत, पण त्यांत केवळ नर पतंग अडकतात, त्यामुळे बाल्कनीत ते लावण्याची गरज मला वाटत नाही.

रासायनिक कीटकनाशके घरच्या मटारावर वापरू नयेत, असा माझा आग्रह आहे. फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवसांचा खंड पाळावा लागतो आणि मटाराची तोडणी तर हंगामात दर तीन-चार दिवसांनी होते; शिवाय बंद बाल्कनीत ते औषध घरातल्यांच्याच श्वासात जाते.

नागअळी, फुलकिडे आणि कोळी

पानावर नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या तर घाबरू नये. नागअळी पानाच्या दोन थरांमध्ये पोखरत जाते आणि तिचा कोषही रेघेच्या टोकाशी पानातच असतो, म्हणून रेघा असलेली खालची पाने खुडून नष्ट केली की पुढची पिढी थांबते. चार-दोन पानांवर रेघा असल्याने उत्पन्न घटत नाही. फुलकिड्यांमुळे पानांवर चंदेरी ओरखडे पडतात. पांढऱ्या कागदावर फूल झटकले की ते दिसतात आणि त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे व निंबोळी अर्क पुरतो. लाल कोळी हंगामाच्या शेवटी, कोरड्या उष्ण हवेत येतो. पानांच्या खालच्या बाजूने पाणी फवारत राहणे हा त्यावरचा पहिला उपाय.

भुरी आणि मर

भुरीत पानांवर पिठासारखे पांढरे ठिपके पडतात आणि ते पसरून पान, खोड व शेंगा झाकल्या जातात. माव्याने टाकलेली पांढरी कातही पानावर पिठासारखीच दिसते, म्हणून बोट फिरवून पाहावे: कात सुटे कण होऊन गळून पडते, भुरी बोटाला पावडरसारखी लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा चढते. बहुतेक बुरशींना पानावर ओल लागते. भुरी मात्र कोरडे उबदार दिवस आणि थंड रात्री यांतच वाढते, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीपासून तिचा जोर असतो. पहिले ठिपके दिसताच ती पाने काढावीत, वेलींची गर्दी कमी करावी आणि पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन नाकावर मास्क लावून फवारावे. गंधक कडक उन्हात फवारू नये आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी झाली असेल, तर दोन आठवडे तरी गंधक वापरू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास पाने करपतात. तोडलेल्या शेंगा धुऊनच सोलाव्यात.

माती ओली असूनही झाड खालच्या पानांपासून पिवळे पडून सुकत असेल, तर ते उपटून खोड बुंध्यापाशी उभे चिरावे. आतला भाग तपकिरी झालेला असेल, तर तो मर रोग आहे. आत पोकळ बोगदा आणि त्यात अळी किंवा कोष असेल, तर खोडमाशी. दोन्हीत ते झाड वाचत नाही. झाड मुळासकट काढून टाकावे, त्याच्याभोवतीची थोडी मातीही काढावी आणि बाकीच्या झाडांचे पाणी कमी करून ट्रायकोडर्मा मिसळलेले पाणी बुंध्याशी द्यावे.

तोडणी आणि त्यानंतर

फूल आल्यापासून साधारण तीन आठवड्यांत शेंग तोडणीला येते. शेंग गोलसर फुगलेली, चकचकीत हिरवी आणि दाबल्यावर आतले दाणे जाणवणारी असावी. तिचा रंग फिकट, निस्तेज झाला आणि सालावर जाळी दिसू लागली, की दाणे पिठूळ झाले असे समजावे. एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने शेंग देठापासून खुडावी किंवा कात्रीने कापावी, नाहीतर नाजूक वेल मुळासकट ओढली जाते. खालच्या शेंगा आधी तयार होतात. तयार शेंगा वेलीवर राहू दिल्या तर नवीन फुले येणे थांबते, म्हणून दर तीन-चार दिवसांनी तोडणी करावी. तोडल्याबरोबर दाण्यांतली साखर पिष्टात बदलू लागते, त्यामुळे शेंगा सकाळी तोडून त्याच दिवशी शिजवाव्यात किंवा न सोलता फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

हंगाम संपल्यावर वेली उपटू नयेत, त्या मातीलगत कापाव्यात; मुळे आणि त्यांच्यावरच्या गाठी मातीत कुजून पुढच्या पिकाला नत्र देतात, आणि त्या कुंडीत पालक किंवा चवळईसारखी पालेभाजी चांगली येते. भुरी किंवा अळ्या लागलेल्या वेली कंपोस्टमध्ये टाकू नयेत. मर रोग झालेल्या कुंडीतली माती भाजीसाठी पुन्हा वापरण्यापूर्वी उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली ओली करून महिनाभर तापवावी.

पुढच्या वर्षासाठी बी ठेवायचे असेल, तर सर्वांत निरोगी दोन झाडे सुरुवातीलाच ठरवून त्यांच्या शेंगांना हात लावू नये. शेंगा वेलीवरच वाळून खुळखुळू लागल्या की तोडाव्यात, दाणे आठवडाभर सावलीत आणि मग दोन दिवस कोवळ्या उन्हात वाळवावेत. दाण्यावर बारीक गोल भोक किंवा झिरझिरीत गोल डाग दिसला, तर आत भुंगेरा आहे. असे दाणे वेगळे काढून नष्ट करावेत. बाकीचे पूर्ण सुकलेले दाणे हवाबंद बरणीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवल्यास उरलीसुरली अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, कारण उघडल्यास दाण्यांवर दव धरते. मग बरणीवर जातीचे नाव आणि वर्ष लिहून ती कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी.